मूठ पुढे ठेवायची, पण कोणत्या कमरेला?

आधी तुमचा प्रश्न मला कसा समजला ते सांगते, म्हणजे काही चुकत असेल तर लगेच कळेल. तुम्ही टेक्सासमध्ये राहता, उजव्या हाताचे आहात. साडेपाच इंची नळीचं .४५ कोल्टचं रुगर न्यू वकेरो हे रिव्हॉल्व्हर घेतलंय. जुन्या फोटोंत दिसतं तसं मूठ पुढे असलेलं चामडी होल्स्टर, म्हणजे रिव्हॉल्व्हर ठेवायची कमरेची पिशवी, हवंय. वापर दोन ठिकाणी: अधूनमधून काउबॉय ॲक्शन शूटिंगच्या, म्हणजे काउबॉय वेशात जुन्या धर्तीच्या बंदुकांनी होणाऱ्या स्पर्धा, आणि मित्राच्या रँचवर फिरताना किंवा पिकअप चालवताना. ऑर्डर देताना दुकानाने ‘उजवं की डावं’ विचारलं आणि तिथे गाडी अडली. शिवाय चामडं किती जाड घ्यावं आणि कुठला घाट घ्यावा, हेही विचारलंय.

मी ॲरिझोनात चामड्याचं काम करते. माझ्याकडे येणाऱ्या कामात सिंगल-ॲक्शन, म्हणजे दर बाराला घोडा (हॅमर) हाताने मागे ओढावा लागणाऱ्या, रिव्हॉल्व्हरची होल्स्टर बरीच असतात आणि ‘मूठ पुढे’ म्हणून आलेल्या प्रत्येक ऑर्डरला मी पहिला फोन करते तो हेच विचारायला: कोणत्या कमरेला, आणि कोणत्या हाताने काढणार? कारण मूठ पुढे हे वर्णन दोन वेगळ्या गोष्टींना लागू पडतं आणि फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात.

पहिली म्हणजे क्रॉस-ड्रॉ. रिव्हॉल्व्हर डाव्या कमरेला, मूठ पुढे, उजवा हात पोटासमोरून आडवा नेऊन काढायचं. दुसरी म्हणजे घोडदळाची पद्धत. रिव्हॉल्व्हर उजव्याच कमरेला, पण मूठ पुढे. ते एकतर डाव्या हाताने आडवं काढायचं, नाहीतर उजवा तळवा बाहेरच्या बाजूला वळवून, मूठ उलटी पकडून, बाहेर येता येता मनगट फिरवायचं. याला ट्विस्ट ड्रॉ म्हणतात.

आता ‘उजवं की डावं’चं उत्तर. हे वाचून पटणार नाही, करून बघा. रिव्हॉल्व्हर रिकामं करा. लोडिंग गेट (काडतुसं भरायची झडप) उघडून सिलिंडर पूर्ण फिरवा, सगळी घरं डोळ्यांनी बघा, मग पुन्हा एकदा फिरवा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मग नळीचं तोंड खाली धरून रिव्हॉल्व्हर डाव्या कमरेशी न्या, मूठ पुढे. लोडिंग गेट आणि इजेक्टर रॉडची (रिकामी टरफलं बाहेर ढकलणाऱ्या दांडीची) नळी बाहेरच्या बाजूला दिसतील. आता तेच उजव्या कमरेशी नेहमीसारखं धरा, मूठ मागे. पुन्हा गेट बाहेरच. म्हणजे उजव्या हाताच्या माणसाचं क्रॉस-ड्रॉ हे कापाच्या दृष्टीने ‘उजवं’ होल्स्टर आहे, डाव्या कमरेला बांधलं तरी. उलट उजव्या कमरेला मूठ पुढे धरा. आता गेट तुमच्या अंगाकडे गेलं. हे झालं ‘डावं’ होल्स्टर.

प्रत्येक दुकान हे शब्द एकाच अर्थाने वापरतं असं नाही. कुणी कंबर धरून बोलतं, कुणी हात धरून. म्हणून ऑर्डरमध्ये उजवं-डावं लिहून थांबू नका. सरळ लिहा: ‘डाव्या कमरेला बांधणार, उजव्या हाताने काढणार, लोडिंग गेट बाहेरच्या बाजूला.’ यात गोंधळाला जागाच उरत नाही.

लगेच पुढची शंका येते: मग घरात असलेलं साधं उजवं होल्स्टर डाव्या कमरेला सरकवलं तर? ते होल्स्टर सरळ, उभं असेल तर कामचलाऊ होईल. पण उजव्या कमरेसाठी बनवलेली बरीच होल्स्टर थोडी कललेली असतात, नळीचं टोक मागे आणि मूठ किंचित पुढे. तेच डावीकडे नेलं की कल उलटा होतो. नळी पुढे येते, मूठ मागे जाते आणि आडव्या हाताला ती सापडत नाही, मनगट अवघडतं. क्रॉस-ड्रॉला नेमका उलटा कल लागतो. मूठ पुढे आणि बेंबीच्या दिशेने झुकलेली, नळीचं टोक मागे. किती, हे तुमच्या बांध्यावर आहे. माझ्याकडे बहुतेकांना १५ ते २० अंश सोसतात. तुम्ही सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटीच्या नियमांनी होणाऱ्या स्पर्धांत उतरणार असाल तर तिथे होल्स्टर उभ्या रेषेपासून ३० अंशांपेक्षा जास्त कललेलं चालत नाही, तेव्हा त्याच्या पुष्कळ आत राहा.

घोडदळाच्या पद्धतीचा मोह मला समजतो. अमेरिकी यादवी युद्धातल्या घोडेस्वाराच्या उजव्या कमरेला झाकणाचं होल्स्टर असे, मूठ पुढे. तलवार डाव्या कमरेला आणि ती उजव्या हाताने उपसायची, म्हणून रिव्हॉल्व्हर डाव्या हाताच्या आवाक्यात, असं त्याचं कारण सहसा सांगितलं जातं. १८७३चं कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी सैन्यात आलं तेव्हा त्याची नळी साडेसात इंचांची होती. एवढं लांब धूड उजव्या कमरेवरून सरळ वर काढायचं तर खांदा कानापर्यंत न्यावा लागतो. मूठ पुढे असली की ते सोपं जातं. जुन्या पश्चिमेतला नावाजलेला बंदूकबाज वाइल्ड बिल हिकॉकसुद्धा आपली दोन १८५१ नेव्ही कोल्ट मुठी पुढे करूनच बाळगायचा, आणि त्यांचीही नळी साडेसात इंचीच. तुमची साडेपाच इंची आहे. ती उजव्या कमरेवरून सरळ निघते, त्यामुळे ट्विस्ट ड्रॉची गरजच पडत नाही.

आणि गरज नसताना तो का टाळावा, हे मी दर वेळी जोर देऊन सांगते. रिव्हॉल्व्हर बाहेर निघताना नळीचं तोंड कुठून कुठे फिरतं ते बघा. ट्विस्ट ड्रॉमध्ये मनगट फिरत असताना ते तुमच्याच मांडीवरून, पोटासमोरून जाऊ शकतं. त्याच वेळी अंगठा रिव्हॉल्व्हरच्या घोड्याकडे जात असतो. सिंगल-ॲक्शनला घोडा हाताने मागे ओढल्याशिवाय बार उडत नाही हे खरं, पण घाईत तो अंगठा वेळेआधी ओढला जातो आणि मग चाप फार हलका असतो. ऐतिहासिक घोडदळाचं प्रात्यक्षिक करणारे लोक हे शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली, रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर शिकतात. तुम्ही सांगितलेल्या दोन्ही वापरांसाठी माझं मत स्पष्ट आहे: क्रॉस-ड्रॉ घ्या.

क्रॉस-ड्रॉही निर्धोक नाही. यात तोंड डावीकडून समोर फिरतं. डाव्या बाजूला कुणी उभं असेल तर त्याच्यावरून, आणि डावा हात लोंबकळत ठेवला असेल तर तुमच्याच कोपरावरून. म्हणून डावा हात आधी छातीशी जातो, मग उजवा मुठीवर. स्पर्धेत १७० अंशांचा नियम असतो, म्हणजे नळीचं तोंड लक्ष्याच्या दिशेपासून कोणत्याही बाजूला ८५ अंशांपलीकडे जाता कामा नये. क्रॉस-ड्रॉवाल्याला तो पाळायचा तर जागेवरच अंग वळवावं लागतं. उजवा पाय मागे, डावी कंबर लक्ष्याकडे, मग काढायचं. परत ठेवतानाही तसंच वळायचं. काढताना सगळ्यांच्या लक्षात राहतं, ठेवताना विसरतात. घोडा ओढायचा तो तोंड लक्ष्याकडे स्थिर झाल्यावरच. ही सवय रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर, क्लबातल्या जाणत्या माणसासमोर लावून घ्या.

पिकअपसाठी मात्र क्रॉस-ड्रॉसारखं दुसरं काही नाही. अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे सीटबेल्टचं बक्कल चालकाच्या उजव्या कमरेशी येतं. उजवीकडचं होल्स्टर बक्कलवर आणि मधल्या कन्सोलवर आदळतं, मूठ सीटमध्ये रुतते. डावीकडे पुढच्या अंगाला असलेलं होल्स्टर या सगळ्यातून सुटतं. घोड्यावर बसलं की तीच गोष्ट. मूठ पुढे असल्याने समोर उभ्या असलेल्या माणसाच्या हाताला ती तुमच्याइतकीच जवळ असते, हे मात्र ध्यानात ठेवा. रँचवर याने काही बिघडत नाही, गर्दीच्या ठिकाणी बिघडतं.

जागा कुठली? बेंबी बारा वाजता धरली तर क्रॉस-ड्रॉ साधारण दहा ते अकराच्या मध्ये बसतं. सडपातळ माणसाला अकरा चालतात. पोट असेल तर तिथे मूठ पोटात घुसते आणि वाकताना टोचते. अशांना साडेनऊ-दहाकडे सरकावं लागतं, आणि कल थोडा वाढवावा लागतो. होल्स्टर फार उंच बांधलेलं नको. खुर्चीत बसल्यावर मांडी खालून टोकाला ढकलते आणि मूठ बरगडीशी येते. पट्टा बांधून, रिकामं रिव्हॉल्व्हर घालून, उभं राहून, खुर्चीत बसून आणि गाडीत बसून, तीनही वेळा बघा.

आता पट्टा. होल्स्टर निवडताना लोक याच्याकडे सर्वांत कमी लक्ष देतात, आणि क्रॉस-ड्रॉ बिघडतं ते बहुतेक इथेच. उजव्या कमरेवरून रिव्हॉल्व्हर वर ओढलं जातं, तेव्हा पट्टा होल्स्टरला खाली धरून ठेवतो. क्रॉस-ड्रॉमध्ये ओढ आडवी असते, पट्ट्याच्या दिशेनेच. लूप सैल असेल तर रिव्हॉल्व्हरबरोबर होल्स्टरही बेंबीकडे घसरत येतं. परत ठेवताना ते जागेवर नसतं, आणि मग माणूस न बघता तोंडाने होल्स्टर शोधू लागतो. हे धोक्याचं आहे. म्हणून लूप पट्ट्याच्या रुंदीचाच हवा. दीड इंची पँटच्या पट्ट्यासाठी दीड इंची लूप, अडीच इंची गनबेल्टसाठी अडीच इंची. ‘सगळ्या पट्ट्यांना चालेल’ असं लिहिलेलं होल्स्टर घेऊ नका. पँटच्या पट्ट्यावर घालणार असाल तर होल्स्टरच्या दोन चिरांच्या मध्ये पँटचाच एक लूप येईल असं बसवा, म्हणजे घसरायला जागा राहत नाही. पट्टा दुहेरी चामड्याचा, शिवलेला, ताठ हवा. बोटांनी आडवा पिळून बघा. सहज पिळला जात असेल तर भरलेल्या रिव्हॉल्व्हरच्या वजनाने तो बाहेर लोंबेल.

घाटाबद्दल मी फार आग्रही नाही. मेक्सिकन लूप हा १८७०च्या दशकापासूनचा घाट. एकाच तुकड्याचा मागचा पदर खाली दुमडून त्यातल्या चिरांतून पिशवी ओवलेली असते. दिसायला देखणा, स्पर्धेच्या वेशाला शोभतो, आणि रुंद गनबेल्टवर छान बसतो. पँटच्या पट्ट्यावर तो डुलतो. टॉम थ्रीपर्सन्स या पोलिसाच्या नावाने ओळखला जाणारा घाट १९२०च्या दशकात टेक्सासमधल्या एल पासोत रुजला. आटोपशीर, अंगालगत, मूठ आणि घोडा मोकळे सोडणारा. रँच आणि गाडीसाठी मी त्याच धर्तीचं क्रॉस-ड्रॉ सुचवेन. एक बदल करून घ्या: जुन्या नमुन्यांत चापाचं कडं उघडं असतं, तुमच्या होल्स्टरमध्ये ते झाकलेलं असू द्या. झुडपांतून फिरताना फांदी आत जायला नको. फक्त मधलं बोट मुठीखाली पूर्ण वळेल एवढी खाच तिथे हवी. बोटाचं पेर चामड्यावर अडलं तर पकड अर्धवट बसते, आणि अर्धवट पकडीने बाहेर काढलेलं रिव्हॉल्व्हर हातात फिरवून नीट धरण्याचा मोह होतो.

आतापर्यंतचं एका ओळीत: क्रॉस-ड्रॉ, डाव्या कमरेला पण ‘उजव्या’ कापाचं, मध्यम कल, चापाचं कडं झाकलेलं, पट्ट्याला घट्ट बसणारा लूप.

मापाच्या बाबतीत वकेरोची एक खोच आहे. १९९३ साली आलेलं मूळ वकेरो रुगरच्याच ब्लॅकहॉक रिव्हॉल्व्हरच्या मोठ्या फ्रेमवर होतं. २००५पासूनचं न्यू वकेरो लहान फ्रेमचं, साधारण कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मीच्या अंगाचं. दुकानाच्या यादीत नुसतं ‘वकेरो’ असेल तर ते कुठलं, हे विचारा. मोठ्या फ्रेमच्या होल्स्टरमध्ये तुमचं रिव्हॉल्व्हर खुळखुळेल. कोल्टच्या आणि तिच्या इटालियन प्रतिकृतींच्या साडेपाच इंची मापाचं होल्स्टर तुम्हाला चालण्याची शक्यता बरीच जास्त.

चामडं वनस्पतीजन्य पद्धतीने कमावलेलंच घ्या. झाडांच्या सालींतल्या टॅनिनने कमावलेलं कातडं पाण्याने मऊ होतं, हवा तो आकार घेतं आणि वाळलं की तो आकार धरून ठेवतं. आपल्याकडे कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, तेही याच जातीचं. क्रोमने कमावलेलं पिशव्यांचं, जाकिटांचं मऊ चामडं आकार धरत नाही, तोंड मिटतं, आणि त्यातल्या क्षारांनी पोलाद गंजू शकतं. अमेरिकेत जाडी औंसात मोजतात, १ औंस म्हणजे इंचाचा ६४वा भाग, सुमारे ०.४ मिलिमीटर. तुमच्या रिव्हॉल्व्हरला ९ ते १० औंसांचं, म्हणजे ३.६ ते ४ मिलिमीटरचं एकेरी चामडं पुरतं. अस्तर हवं असेल तर दोन पातळ थर चिकटवून, शिवून तेवढीच जाडी करतात.

चांगलं काम ओळखायचं तर शिवणीकडे बघा. चापाच्या बाजूने जी मुख्य शिवण जाते, तिथे दोन पदरांच्या मध्ये चामड्याची आणखी एक पट्टी घातलेली असावी. सिलिंडर आणि चापाचं कडं जाड असतं. ही पट्टी नसेल तर त्यांचा सगळा ताण दोऱ्यावर येतो आणि घासून दोरा तुटतो. क्रॉस-ड्रॉमध्ये ही शिवण पुढे येते, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आणि टेबलाच्या कडेला, खोगिराला घासणारी. म्हणून तिची कड घासून, मेण लावून काचेसारखी गुळगुळीत केलेली हवी. बोट फिरवा. थर वेगळे जाणवले तर काम घाईत झालंय. इंचाला सहा ते आठ टाके, दोन्ही बाजूंना सारखे.

आकार कसा बसवतात तेही सांगते, म्हणजे नवीन होल्स्टर घट्ट वाटलं तर घाबरणार नाही. शिवून झालेलं होल्स्टर कोमट पाण्यात भिजवायचं, रिव्हॉल्व्हरला प्लॅस्टिकच्या पातळ कागदात गुंडाळून आत घालायचं आणि गुळगुळीत हाडाच्या पट्टीने सिलिंडरची कड, इजेक्टरची नळी, चापाचं कडं बाहेरून दाबत उठवायचं. वाळलं की चामड्यावर रिव्हॉल्व्हरची आकृती दिसते आणि ती आकृतीच त्याला धरून ठेवते. नवीन आलेलं होल्स्टर अति घट्ट असेल तर रिकामं रिव्हॉल्व्हर पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर आत ठेवा. बहुतेक वेळा एवढ्याने सैल होतं. तेल ओतू नका. नीट्सफुट तेलाने चामडं नरम पडतं, आकार जातो, आणि गेलेला आकार परत येत नाही. पकड तपासायची तर रिकामं रिव्हॉल्व्हर आत घालून, गादीवर धरून होल्स्टर उलटं करा आणि हलकेच झटका द्या. पडता कामा नये. तरीही रिव्हॉल्व्हरच्या घोड्यावर अडकवायची चामड्याची वादी असू द्या. रँचवर चढउतार करताना, गाडीतून उतरताना तिची गरज लागते. स्पर्धेत ती बाजूला सारून ठेवता येते.

किती काडतुसं भरायची हे तुम्ही विचारलं नाही, पण होल्स्टरशी त्याचा थेट संबंध आहे. तुमच्या रुगरमध्ये ट्रान्स्फर बार ही सुरक्षेची पट्टी आहे, त्यामुळे घोडा खाली असताना बाहेरून आघात झाला तरी काडतूस उडवणाऱ्या फायरिंग पिनवर तो पोहोचत नाही. कोल्टच्या जुन्या रचनेत तो नसतो. तिथे पाचच भरून घोडा रिकाम्या घरावर टेकवतात. काउबॉय स्पर्धांत रिव्हॉल्व्हर कुठलंही असो, पाचच भरायचा नियम आहे. रँचवरही तीच सवय ठेवा असं मी सांगेन. उद्या तुमच्या हातात कुणाचं तरी कोल्ट येईल, तेव्हा हात आपोआप बरोबर चालेल.

घरी आल्यावर रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये ठेवून देऊ नका. चामडं हवेतली ओल धरतं, पोलादाला डाग पडतात, आणि पट्ट्याच्या लूपांत राहिलेल्या पितळी काडतुसांवर हिरवा थर चढतो. काडतुसं काढा, होल्स्टर मोकळं टांगा, रिव्हॉल्व्हर पुसून कुलपात.

तुमच्याकडे ग्रीन कार्ड आहे असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे केंद्रीय कायद्याची अडचण नाही. पण हे वाचणाऱ्यांत एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरचे बरेच जण असतील. त्यांना बंदूक किंवा काडतुसं बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजकेच अपवाद आहेत. मित्राची बंदूक थोडा वेळ हातात घेण्याआधीही वकिलाला विचारा. शिवाय उघड्यावर कमरेला लावून फिरण्याचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे आहेत. टेक्सासची सीमा ओलांडणार असाल तर पुढच्या राज्याचे वाचून निघा.

शेवटचं, स्पर्धेपुरतं. या स्पर्धांत दोन सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्व्हर लागतात, त्यामुळे आज ना उद्या तुम्ही दुसरं घेणारच. तेव्हा उजव्या कमरेला साधं, मूठ मागे असलेलं होल्स्टर आणि डावीकडे हे क्रॉस-ड्रॉ अशी जोडी बऱ्याच जणांकडे दिसते. दोन्ही उजव्याच हाताने काढायची. तुमचा तसा विचार असेल तर दोन्ही होल्स्टर आणि पट्टा एकाच वेळी, एकाच कातड्यातून करून घ्या. हे चामडं उन्हाने हळूहळू गडद होत जातं. वर्षभराने केलेलं दुसरं होल्स्टर पहिल्याच्या शेजारी बराच काळ फिकं दिसतं, आणि रंग लावून ते जुळवायला गेलं की नेमका उलटा फरक पडतो.